घोटा धरणाऱ्या मुलीचा गुडघा: एका एसीएल शस्त्रक्रियेची पूर्ण नोंद

ती आमच्याकडे आली तेव्हा दुखापतीला सात महिने झाले होते. वय १९, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ४९ किलो. सांगली जिल्ह्यातल्या वारणाकाठच्या गावची, कॉलेजच्या संघात डावा कोपरा सांभाळणारी कबड्डीपटू. तिच्या आणि घरच्यांच्या संमतीने ही नोंद लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.

झालं होतं ते असं. चढाईपटू बोनससाठी आत आली, हिने घोट्यावर झेप टाकली, डावा पाय मॅटवर रुतला आणि अंग त्यावरून वळलं. ‘कट्ट’ असा आवाज तिने ऐकला, शेजारच्या खेळाडूनेही ऐकला. तासाभरात गुडघा फुगून टरटरला. तरुण खेळाडूचा पाय रुतून वळला, आवाज आला आणि काही तासांत गुडघ्यात रक्त भरलं, तर बहुतेक वेळा आतला पुढचा क्रॉस लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटलेला असतो. ही एवढी हकिगत नीट ऐकली तरी निम्मं निदान होतं.

पहिल्या ठिकाणी एमआरआय झाला आणि अहवालात ‘अर्धवट फाटलेला’ असं आलं. सहा आठवडे पट्टा बांधला, गोळ्या दिल्या. सुजलेल्या, दुखऱ्या गुडघ्याची तपासणी पहिल्या आठवड्यात फसवी असते, स्नायू आखडून पाय धरून ठेवतात. त्याबद्दल कुणाला बोल लावता येत नाही. पण तीन आठवड्यांनी सूज उतरल्यावर तो गुडघा पुन्हा हातात घेऊन कुणीच पाहिला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तिचे वडील म्हणाले, “सूज उतरली म्हंजे पोरगी बरी झाली असंच वाटलं बघा, डॉक्टरसाहेब.” चौथ्या महिन्यात ती मैदानात उतरली आणि दुसऱ्याच पकडीत गुडघा निसटला. त्यानंतर आणखी तीन वेळा: एकदा बांधावरून उतरताना, एकदा एसटीतून उतरताना, एकदा अंगणात नुसती वळताना. “सर, पाय दगा देतो,” ती म्हणाली. तुटलेल्या एसीएलचं याहून नेमकं वर्णन पुस्तकात सापडणार नाही.

तपासणीत काय दिसलं

एसीएल हा साधारण तीन सेंटिमीटर लांबीचा, करंगळीहून थोडा बारीक पट्टा. मांडीच्या हाडाच्या खोबणीतल्या बाहेरच्या भिंतीवरून निघतो आणि नडगीच्या माथ्यावर पुढे रुजतो. नडगीला पुढे घसरू न देणं हे त्याचं एक काम आणि आत वळू न देणं हे दुसरं. पहिलं काम लॅकमन चाचणीत कळतं. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची आणि ती कुठे अडते ते पाहायचं. शाबूत लिगामेंट दोरी ताणल्यासारखा टणक अडतो. तिचा डावा गुडघा अडतच नव्हता, लोण्यात हात गेल्यासारखा पुढे येत होता. दुसरं काम पिव्हट शिफ्टमध्ये कळतं. ती चाचणी जाग्या माणसावर नीट होत नाही, घाबरून पाय आखडतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी भूल दिल्यावर केली तेव्हा नडगी खटकन जागेवर बसताना टेबलाच्या त्या बाजूच्या सिस्टरनाही दिसली. हा सर्वांत वरच्या दर्जाचा, म्हणजे सर्वांत वाईट, पिव्हट शिफ्ट.

दुसरी गोष्ट मी प्रत्येक तरुण खेळाडूत बघतो: अंग किती लवचीक आहे. तिचा अंगठा मागे वाकून मनगटाला टेकत होता, कोपर उलटं जात होतं आणि दोन्ही गुडघे सरळ रेषेच्या पलीकडे आठ अंश मागे जात होते. लवचीकपणाच्या मापात नऊपैकी सात गुण. अशा सैल अंगाच्या मुलीत नुसता एसीएल बसवून भागतंच असं नाही. नवीन दोरीवर रोजचा ताण जास्त येतो आणि ती पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. या प्रकरणातला निम्मा विचार त्या अंगठ्यापासून सुरू झाला.

नवीन एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेला, मेनिस्कस म्हणजे गाद्या ‘ठीक’. ते ‘ठीक’ मी तेवढ्यापुरतंच धरलं होतं.

शस्त्रक्रिया करायचीच का

हा प्रश्न तिच्या आईने विचारला आणि योग्यच विचारला. प्रत्येक तुटलेल्या एसीएलला शस्त्रक्रिया लागत नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या-धावत्या माणसांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया केली, उरलेल्यांना आधी व्यायाम दिला आणि लागलीच तर शस्त्रक्रिया. पाच वर्षांनीही व्यायामाच्या गटातल्या जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया लागलेली नव्हती. शेती, दुकान, सरळ चालणं-धावणं एवढंच असतं तर मी तिलाही तीन महिने कसून व्यायाम करायला लावला असता. पण हिचा गुडघा चार वेळा निसटला होता आणि तिला कोपऱ्यात परत उभं राहायचं होतं. गुडघा निसटतो तेव्हा दर वेळी आतली गादी दोन हाडांमध्ये चिरडते. वाट पाहण्याची किंमत ती गादी मोजते.

“तुटलेली नस शिवता येत न्हाई का?” वडिलांनी विचारलं. हा प्रश्न शल्यचिकित्सकांनीही शंभर वर्षांहून जास्त काळ विचारला आहे. लीड्सच्या मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये एका खाणकामगाराच्या गुडघ्यातले तुटलेले क्रॉस लिगामेंट शिवले होते. पुढे अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी छात्रांवर असे टाके घातले गेले. पाच वर्षांनंतरचे निकाल १९७६ मध्ये छापून आले आणि ते निराशाजनक होते. कारण सांध्याच्या आतल्या पाण्यात आहे. इतरत्र जखमेत रक्ताची गुठळी होते आणि तिच्यावर नवीन धागे विणले जातात. गुडघ्याच्या आत ती गुठळी टिकतच नाही, म्हणून दोन टोकं समोरासमोर राहूनही जुळत नाहीत. बॉस्टनमधल्या मार्था मरे यांच्या गटाने यावर कोलॅजनचा एक स्पंज तयार केला, त्यात रुग्णाचंच रक्त भरून तो दोन टोकांमध्ये बसवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२० मध्ये त्याला परवानगी दिली, पण दुखापतीनंतर ५० दिवसांच्या आत आणि नडगीकडे बुंधा शाबूत असेल तरच. हिचे सात महिने होऊन गेले होते, बुंधा आक्रसून मागच्या लिगामेंटला चिकटला होता. तेव्हा नवीन दोरी बसवणं, हाच मार्ग.

दोरी कुठून घ्यायची

ही दोरी तिच्याच अंगातून घ्यावी लागते, आणि जिथून घेऊ तिथे काही ना काही कमी पडतं. रुग्ण विचारतात की सर्वांत मजबूत ग्राफ्ट, म्हणजे बसवायची दोरी, कोणता. ताकद सगळ्यांचीच पुरेशी असते: तरुण माणसाचा मूळ एसीएल साधारण २१६० न्यूटनला तुटतो आणि रोज वापरले जाणारे सगळे ग्राफ्ट प्रयोगशाळेत याच्या वर भरतात. मी विचार करतो तो उलट्या बाजूने. या मुलीला तिच्या अंगातलं काय कमी झालेलं चालेल?

त्यासाठी मी तिला तपासणीच्या खोलीत कोपरारक्षकासारखं उभं राहायला सांगितलं. ती खाली वाकली, गुडघ्यांत खोल बसली, हात पुढे. मग सांगितलं, घोटा धर. तिने उजव्या पायावर जोर घेऊन डावा गुडघा जमिनीकडे टाकला आणि माझ्या कनिष्ठ डॉक्टरच्या घोट्यापर्यंत हात नेला. एवढं पाहणं अहवालाच्या दोन पानांहून मोलाचं होतं. तिचा गुडघा दर पकडीला जमिनीवर आदळतो. पकडल्यावर ती टाच आत ओढून समोरचीला मागे खेचते, त्यात मांडीमागचे हॅमस्ट्रिंग लागतात. आणि सगळा तोल घोट्याच्या बाहेरच्या स्नायूंवर.

वाटीखालच्या दोरीत दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा येतो, हाडात हाड लवकर सांधतं, म्हणून व्यावसायिक फुटबॉलमध्ये तिला मोठा मान आहे. पण तिथे पुढे कायमचा दुखरा ठिपका राहू शकतो, गुडघे टेकताना तर नक्की जाणवतो. रोज पन्नास वेळा गुडघा मॅटवर टाकणाऱ्या मुलीला मी ती देणार नव्हतो.

हॅमस्ट्रिंगची चारपदरी दोरी आपल्याकडे सर्वांत जास्त वापरली जाते, मीही वापरतो. हिच्या बाबतीत दोन अडचणी. बारीक चणीच्या मुलीत ही दोरी पातळ भरते, आणि आठ मिलिमीटरखालच्या दोऱ्या तरुणांत जास्त तुटतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे हॅमस्ट्रिंग हे एसीएलचे सोबती आहेत. नडगी पुढे जाऊ लागली की तेच तिला मागे ओढतात. सैल गुडघ्याच्या मुलीचा हा राखणदार काढून घेऊन त्याचीच दोरी करायची, हे मला पटेना.

घोट्याच्या बाहेरून जाणारा पेरोनियस लाँगस अलीकडे आपल्याकडे फार लोकप्रिय झाला आहे. जाड असतो, पाच-दहा मिनिटांत निघतो, बहुतेकांचा घोटा पुढे व्यवस्थित राहतो. ऊसतोडणीच्या मजुराला, दुचाकीवरून पडलेल्या माणसाला मी तो आनंदाने देतो. जिचा सगळा खेळ एका पायाच्या तोलावर आहे तिला नाही.

राहिली वाटीच्या वरची क्वाड्रिसेप्सची दोरी. जाडी हवी तेवढी मिळते, टेकण्याची जागा मोकळी राहते, हॅमस्ट्रिंगला हात लागत नाही. किंमत म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू काही महिने झोपतो आणि त्याला जागं करणं कष्टाचं काम. शिवाय ही दोरी सरावाचा हात मागते. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींमध्ये तिचे निकाल सुरुवातीला उणे दिसले होते. पुढे उकल केली तेव्हा जिथे ही शस्त्रक्रिया क्वचित होते तिथे फेरशस्त्रक्रिया जास्त असल्याचं दिसलं. तिला आणि वडिलांना कागदावर चित्र काढून हे सगळं सांगितलं. कष्टाचं ऐकून ती म्हणाली, “व्यायामाचं माझ्यावर सोडा सर.” निर्णय झाला.

टेबलावर

कमरेतून भूल, मांडीला टॉर्निकेट, म्हणजे रक्त थोपवणारा पट्टा. आधी दुर्बीण आत घातली. तुटलेला एसीएल अपेक्षेप्रमाणे होता. मग गाद्यांकडे वळलो. समोरून आतल्या बाजूची गादी तुकतुकीत, अखंड. इथेच थांबलो असतो तर एमआरआय खरा ठरला असता. पण चार वेळा निसटलेल्या गुडघ्यात मी खोबणीतून दुर्बीण मागे सरकवून मागचा कप्पा पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. मागून सुई टोचून गादीचा काठ हलवला, तशी गादी आपल्या अस्तरापासून सव्वा सेंटिमीटर उघडली. यालाच रॅम्प लिजन म्हणतात. एमआरआय करताना पाय सरळ असतो, तेव्हा ही फट मिटलेली राहते आणि चित्रात हुलकावणी देते. ती न शिवता वर कितीही चांगला एसीएल बसवला तरी गुडघा पुढे घसरायची थोडी खोड ठेवतोच. मागून छोटं छिद्र घेऊन वाकड्या हुकाने विरघळणाऱ्या दोऱ्याचे दोन टाके घातले. दुसऱ्या टाक्यानंतर सुईने काठ दाबला, हलला नाही.

मग ग्राफ्ट. वाटीच्या वरच्या काठावर तीन सेंटिमीटरची चीर. चरबी बाजूला केली की क्वाड्रिसेप्सची दोरी मोत्यासारखी पांढरी चमकते. नऊ मिलिमीटर रुंद, सहा-सात मिलिमीटर खोल, अडुसष्ट मिलिमीटर लांब पट्टी काढायची होती. मागचा थर राखायचा, कारण त्याच्यामागे लगेच सांध्याची पिशवी असते. वरच्या टोकाला पातं अर्धा मिलिमीटर जास्त गेलं आणि पिशवीला बारीक भोक पडलं. पुन्हा दुर्बीण लावताच पाणी मांडीत झिरपू लागलं, पडद्यावरचं चित्र गढूळलं. चूक माझीच. थांबून भोक दोन टाक्यांनी बंद केलं, त्यात आठ-दहा मिनिटं गेली. तसंच पुढे रेटलं असतं तर मांडी पाण्याने फुगली असती आणि बोगद्याची जागा अंदाजाने ठरवावी लागली असती. काढलेली दोरी दोन्ही टोकांना शिवून, व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाच्या द्रावणात भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवली. या साध्या सवयीने जंतुसंसर्ग बराच कमी होतो.

बोगद्याची जागा हा या शस्त्रक्रियेचा कणा. पूर्वी मांडीच्या हाडातला बोगदा नडगीच्या बोगद्यातूनच पाडत, त्यामुळे दोरी खोबणीच्या छताकडे उभी बसायची. अशी दोरी नडगीला पुढे येऊ देत नाही, पण वळणं थांबवत नाही. लॅकमन चांगला आणि खेळाडू तरीही म्हणतो पाय दगा देतो. म्हणून आता पुढच्या आतल्या छिद्रातून, गुडघा १२० अंश वाकवून, मूळ लिगामेंट जिथून निघतो तिथेच बोगदा पाडतात. तिथे हाडावर बारीक कंगोरा असतो. त्याच्या मागे राहायचं. नडगीकडचा जुना बुंधा मी पूर्ण काढला नाही. त्यातल्या रक्तवाहिन्या नव्या दोरीला जीव द्यायला मदत करतील, या आशेने तो तसाच भोवती ठेवला. दोरी पक्की करायला वर टायटॅनियमचं बटण, खाली स्क्रू. पाय पूर्ण सरळ, तिच्या त्या आठ अंशांपर्यंत मागे नेऊन पाहिला. दोरी खोबणीच्या छताला घासत नव्हती.

शेवटचं काम गुडघ्याच्या बाहेर. मांडीच्या बाजूने जाणाऱ्या जाड पट्ट्यातून एक सेंटिमीटर रुंद, आठ सेंटिमीटर लांब पट्टी सोडवली, खालचं टोक नडगीवर तसंच ठेवलं, बाहेरच्या लिगामेंटखालून ओवून वर मांडीच्या हाडाला छोट्या स्टेपलने बसवली. फ्रान्सच्या लेमेर यांनी १९६० च्या दशकात सांगितलेल्या पद्धतीचं हे सुधारलेलं रूप. दुर्बिणीच्या काळात ती मागे पडली होती. कॅनडा आणि युरोपमध्ये पंचविशीच्या आतल्या ६१८ धोक्यातल्या रुग्णांवरचा अभ्यास २०२० मध्ये आला आणि ती परत आली: नुसत्या एसीएलमध्ये दोन वर्षांत ११ टक्के दोऱ्या तुटल्या, ही पट्टी जोडलेल्यांत ४ टक्के. ते सगळे ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचे होते, माझा क्वाड्रिसेप्सचा, म्हणून तो आकडा मी तिला तसाच लागू करून सांगितला नाही. पण सैल अंग, वरच्या दर्जाचा पिव्हट, वळणावळणाचा खेळ आणि १९ वर्षं वय, हे सगळं एकाच गुडघ्यात असताना पट्टी न जोडण्याचं कारण मला सापडलं नाही. बसवताना पाय मुद्दाम सरळ रोखात धरला, ताण जवळजवळ दिलाच नाही. घट्ट ओढली तर बाहेरचा कप्पा कायमचा दाबला जातो.

पिव्हट शिफ्ट पुन्हा केली. खटका गेला होता.

पुढचं वर्ष

तिसऱ्या आठवड्यात मांडी झोपली, सांगितल्याप्रमाणे. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, आणि तो खाली दाबायचा, एवढंच काम. तिची मांडी थरथरायची पण वाटी वर सरकायची नाही. ती रडली. फिजिओने विजेच्या हलक्या झटक्यांचं यंत्र लावलं, चांगल्या पायाने आधी करून दाखवायला लावलं. पाचव्या आठवड्यात वाटी हलली, तेव्हा तिच्या आईने मला व्हिडिओ पाठवला. गादीच्या टाक्यांसाठी सहा आठवडे ९० अंशांपुढे वाकवायचं नव्हतं आणि चार महिने उकिडवं बसायचं नव्हतं. गावातल्या घरात हे दुसरं बंधन पाळणं किती अवघड असतं ते शहरातल्या माणसाला कळत नाही. वडिलांनी आठवड्याच्या आत कमोडची खुर्ची आणली.

मांडीची ताकद हातातल्या मापकाने मोजली: पाचव्या महिन्यात उजव्याच्या ६१ टक्के, नवव्यात ८२. नेमकी तेव्हाच एक मोठी स्पर्धा आली. प्रशिक्षक स्वतः आले, म्हणाले, नऊ महिने झाले, धावते, उड्या मारते, दोन सामने तरी खेळू द्या. मी नाही म्हणालो. नॉर्वेतला २०१६ चा अभ्यास सांगतो की नऊ महिन्यांपर्यंत मैदान जितकं लांबवाल तितका धोका महिन्याला जवळपास निम्म्याने उतरतो. हिचे नऊ पूर्ण झाले होते, पण ताकद ९० वर पोचली नव्हती. शिवाय नवीन दोरी आत आधी मरते, मग रक्तवाहिन्या शिरून हळूहळू लिगामेंट बनते. हे काम वर्षभर आणि पुढेही चालतं. ती माझ्याशी दोन आठवडे नीट बोलली नाही.

अकराव्या महिन्यात ९१ टक्के. एका पायावरची उडी दोन्हीकडे जवळपास सारखी. बाराव्यात सराव, तेराव्यात पहिला सामना, आणि तोही मी मागितल्याप्रमाणे फक्त दुसऱ्या डावात.

अठराव्या महिन्याच्या तपासणीत लॅकमन टणक अडला, पिव्हट शून्य. पाय सरळ रेषेच्या पलीकडे पूर्वीइतकाच मागे जातो. मांडीचा घेर अजून एक सेंटिमीटर कमी आहे. मांडी घालून फार वेळ बसलं की बाहेरचा स्टेपल टोचतो. खूप त्रास झाला तर तो काढू. उजव्या गुडघ्याची काळजी मला डाव्याइतकीच वाटते, कारण तोही तेवढाच सैल आहे आणि आता नकळत जास्त भार घेतो. उडीवरून उतरताना गुडघा आत पडू न देण्याचे व्यायाम तिने खेळत असेपर्यंत सोडायचे नाहीत, हे लिहून दिलं आहे.

त्या दिवशी तिच्यासोबत धाकटी बहीण आली होती. वय १४, यंदा शाळेच्या संघात निवड झालेली. निघता निघता मी तिला हात पुढे करायला सांगितलं. तिचाही अंगठा मागे वाकून मनगटाला टेकला. सोमवारी फिजिओकडे दोघींची वेळ घेतली.